मनाच्या गोळ्या आणि जीन टेस्ट: कधी करायची, कुठली करायची आणि आलेला रिपोर्ट कसा वाचायचा

परभणीत माझं मेडिकल आहे, डिप्रेशन, ओसीडी (तेच तेच विचार, तीच तीच कृती), बायपोलर (कधी अति जोश, कधी अति उदासी), फिट यांच्या गोळ्या नेणारी माणसं रोजची आहेत, आणि हल्ली त्यातले बरेच जण काउंटरवर मोबाइल पुढं करतेत अन् विचारतेत, "भाऊ, ही थुंकीची टेस्ट केली की कुठली गोळी लागू पडंल ते कळतंय म्हणं, खरंय का?" जाहिरातीत तसंच लिहिलेलं असतंय. खरं उत्तर अर्धं हो आणि अर्धं नाही असं आहे, आणि ते दोन मिनिटांत काउंटरवर सांगता येत नाही, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढायलोय. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. गोळी बदलायचं काम डॉक्टरचं, पण डॉक्टरपुढं बसायच्या आधी काय माहीत असावं आणि पैसे कुठं वाया जातेत एवढं मी नक्की सांगू शकतो.

आधी ही टेस्ट नेमकी काय बघती ते

एका पॅनलमध्ये, म्हणजे बरेच जीन एकदम तपासणाऱ्या टेस्टमध्ये, तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधून दिलेल्या असतेत आणि तिन्हींचा भरवसा सारखा नसतोय, सगळा घोळ इथंच होतोय.

पहिली गोष्ट म्हणजे लिव्हरमधले एन्झाइम. मनाच्या बहुतेक गोळ्या लिव्हरमध्ये मोडल्या जातेत आणि ते काम करणाऱ्यांत दोन नावं महत्त्वाची, सीवायपी२डी६ आणि सीवायपी२सी१९. रिपोर्टात हीच दोन सगळ्यात जास्त वेळा दिसतील, लक्षात ठेवा. मोंढ्यात ट्रक रिकामे करणारे हमाल असतेत तसं समजा, कुणाकडं हमाल जास्त, कुणाकडं मोजकेच, कुणाकडं एकही नाही. हमाल नसले की ट्रकांची रांग लागती, म्हणजे रक्तात गोळी साठत जाती आणि साध्या डोसवरच गुंगी, मळमळ, हातपाय थरथरणं, छातीत धडधड सुरू होतंय. हमाल फारच झाले तर माल आला की गायब, मग माणूस म्हणतो मला गोळी लागूच पडंना. हा भाग भरवशाचा आहे. सीपीआयसी नावाचा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा गट आहे, तो जीनप्रमाणं डोस कसा बदलावा याच्या गाइडलाइन काढतो, डिप्रेशनच्या एसएसआरआय गोळ्यांची (एसिटालोप्राम, सर्ट्रालिन या त्यातल्याच) त्यांची नवी गाइडलाइन २०२३ ची आहे.

दुसरी गोष्ट एचएलए, म्हणजे प्रतिकारशक्तीशी जोडलेले जीन. ही गोळी मोडण्याशी संबंधित नाही, ही रिअ‍ॅक्शनशी संबंधित आहे. कार्बामाझेपिन नावाची गोळी फिटसाठी, बायपोलरसाठी आणि चेहऱ्याच्या त्या भयंकर कळांसाठी आपल्याकडं भरपूर चालती. ज्याच्यात एचएलए-बी १५:०२ हा प्रकार आहे त्याला ही गोळी घेतल्यावर स्टीव्हन्स जॉन्सन सिंड्रोम व्हायचा धोका बराच जास्त असतोय, म्हणजे ताप, तोंडात-डोळ्यात फोड, आणि अंगाची कातडी सोलून निघणं, जिवावर बेतणारं प्रकरण. तैवानमधल्या संशोधकांनी हे २००४ मध्ये दाखवलं आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, या गोळीच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत इशारा टाकला की आशियाई वंशाच्या पेशंटची गोळी सुरू करायच्या आधी तपासणी करा. त्याच माहितीपत्रकात भारतीयांत हा प्रकार सरासरी २ ते ४ टक्के लोकांत असतो असं दिलेलं आहे. अख्ख्या पॅनलमध्ये माझ्या मते सगळ्यात कामाची चाचणी हीच, आणि जाहिरातीत तिचंच नाव सगळ्यात बारीक अक्षरात.

तिसरी गोष्ट म्हणजे मेंदूतले जीन, एसएलसी६ए४, एचटीआर२ए, कॉम्ट, आणि त्यांच्यासोबत एमटीएचएफआर. ऐकायला हेच सगळ्यात भारी वाटतेत, "तुमच्या मेंदूला सेरोटोनिनची गोळी चालंल का" वगैरे. २०२३ च्या त्या गाइडलाइनमध्ये एसएलसी६ए४ आणि एचटीआर२ए दोन्ही तपासले आणि यांच्यावरून गोळी किंवा डोस ठरवावा एवढा पुरावा नाही असं ठरवलं. म्हणून रिपोर्टात या भागाची चार रंगीत पानं असली तरी ती उलटून पुढं जायचं.

मग लागू पडणारी गोळी कळती का? थेट नाही कळत. कुठली गोळी तुमच्या अंगात साठंल, कुठली लवकर निघून जाईल आणि कुठल्या गोळीनं कातडीची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, एवढं कळतंय. डिप्रेशन जाईल का नाही ते या टेस्टला माहीत नसतंय.

अभ्यास काय सांगतेत तेही थोडक्यात बघून घ्या. २०१९ मध्ये अमेरिकेत गाइडेड नावाचा मोठा अभ्यास आला, अकराशेच्या वर डिप्रेशनचे पेशंट, आठ आठवड्यांनी लक्षणं कमी होण्याचा जो मुख्य निकष होता त्यात टेस्टवाल्यांत अन् बिनटेस्टवाल्यांत ठोस फरक आला नाही, पण पूर्ण बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण टेस्टवाल्यांत थोडं जास्त निघालं. २०२२ मध्ये तिथल्याच माजी सैनिकांवर प्राइम केअर नावाचा अभ्यास झाला, १९४४ पेशंट, त्यात जीनला न जुळणाऱ्या गोळ्या कमी लिहिल्या गेल्या, बरं वाटण्यातला फरक मात्र छोटा आणि २४ आठवड्यांपर्यंत तो पण टिकला नाही. आणि २०२३ मध्ये युरोपातल्या सात देशांत बारा जीनचं पॅनल वापरून सगळ्याच प्रकारच्या औषधांवर अभ्यास झाला, तिथं त्रासदायक साइड इफेक्ट साधारण ३० टक्क्यांनी कमी झाले. मला यातून कळलं ते असं की टेस्टचा खरा फायदा त्रास टाळण्यात आहे. पेशंट बरा होण्याचं काम हिच्यानं फार पुढं सरकत नाही.

पायरी पहिली: टेस्टच्या आधी फुकटची आणि स्वस्तातली कामं उरका

"तीन गोळ्या बदलल्या, एक बी लागू पडली नाही" असं म्हणणाऱ्याला मी आधी चिठ्ठ्या मागतो. सगळ्या, तारखेसहित. एका कागदावर लिहून काढा: गोळीचं नाव, किती एमजी, कधी सुरू, कधी बंद, आणि का बंद. डिप्रेशनच्या गोळीला नीट डोसवर चार ते सहा आठवडे द्यावे लागतेत, आणि कागद भरल्यावर बऱ्याचदा दिसतंय की गोळी बारा दिवस घेतली, मग शेजारच्या काकूंनी सांगितलं सवय लागती, म्हणून सोडली. किंवा डॉक्टरनं सुरुवातीचा छोटा डोस दिला होता, वाढवायला पुन्हा बोलावलं होतं, पण सोयाबीनची काढणी आली आणि जाणं झालंच नाही. या गोळ्या फेल गेल्या असं म्हणता येत नाही, त्या पूर्ण वापरल्याच गेल्या नाहीत. त्याच्यासाठी जीन कशाला तपासायचे?

पुढचं, थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन, बी१२. थायरॉइड मंद असलं तर माणूस डिप्रेशनसारखाच दिसतोय. दारू चालू असंल तर डॉक्टरला खरं सांगा, ते काय घरी फोन करून सांगत नाहीत. आणि बायपोलर असताना नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या चालू राहिल्या तर पेशंट बिघडू शकतो, म्हणून "मधी काही दिवस झोप न घेता लई जोशात होता का, पैसे उधळले का" हे घरच्यांनी आठवून सांगायचं, पेशंटला स्वतःला ते आठवत नसतंय किंवा ते दिवस त्याला चांगलेच वाटलेले असतेत.

मग रक्तातली लेव्हल. बायपोलरला चालणाऱ्या लिथियम, व्हॅलप्रोएट, कार्बामाझेपिन या तिघांची लेव्हल थेट रक्तात मोजता येती, जीन टेस्टच्या मानानं खर्च किरकोळ. इथं लिथियमबद्दल जरा जास्त लिहितो, कारण लोक "लिथियमसाठी जीन टेस्ट करू का" असं विचारतेत आणि लिथियम लिव्हरमध्ये मोडतच नाही, ते सरळ किडनीवाटे लघवीतून बाहेर पडतंय, त्यामुळं वरच्या दोन एन्झाइमचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्याला लेव्हलच लागती, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, रोजच्या उपचारात साधारण ०.६ ते १.० च्या मधी ठेवतेत. आणि आपल्या भागात त्याला खरा धोका उन्हाळ्याचा. मे महिन्यात पारा ४२-४३ वर, दिवसभर रानात काम, घाम भरपूर, पाणी कमी, की तोच डोस असताना रक्तातलं लिथियम चढतंय. त्यात अंग दुखलं म्हणून डायक्लोफेनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन मागून घेतली तर अजून चढतंय, बीपीच्या काही गोळ्यांनी पण चढतंय. हात जास्त थरथरायला लागले, उलट्या-जुलाब, चालताना झोक जायला लागला, बोलणं जड झालं की गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालती. लिथियम घेणाऱ्याचं नाव मेडिकलवाल्याला माहीत असू द्या, आम्ही चुकीची गोळी हातात देत नाही.

पायरी दुसरी: तुम्हाला टेस्टची गरज आहे का

माझ्या हिशोबानं या लोकांनी डॉक्टरशी बोलून बघावं:

- कार्बामाझेपिन किंवा तिची बहीण ऑक्सकार्बाझेपिन नव्यानं सुरू होणार आहे. यांना अख्खं पॅनल नको, फक्त एचएलए-बी १५:०२, ती एकटी चाचणी पॅनलपेक्षा बरीच स्वस्त पडती.
- दोन वेगवेगळ्या गोळ्या पूर्ण डोसवर, पूर्ण दिवस घेतल्या, तरी फरक नाही.
- अगदी छोट्या डोसलाच दर वेळी जबरदस्त त्रास होतोय, मग गोळी कुठली का असंना.
- अ‍ॅमिट्रिप्टिलिन, क्लोमिप्रामिन, इमिप्रामिन अशी जुन्या पिढीची गोळी मोठ्या डोसमध्ये द्यायची आहे आणि पेशंट वयस्कर किंवा हार्टचा आहे.
- पिमोझाइड दिवसाला ४ एमजीच्या वर न्यायची आहे. ही गोळी कमी चालती, पण तिच्या माहितीपत्रकातच त्या डोसच्या पुढं सीवायपी२डी६ तपासा असं लिहिलंय.

आणि यांना गरज नाही: ज्याची गोळी व्यवस्थित चालू आहे, त्रास नाही, तब्येत ठीक. सुरळीत चाललेल्या माणसाचा रिपोर्ट लाल आला की घरातले घाबरून गोळी बंद करतेत, आणि जे झालं नव्हतं ते होऊन बसतंय. पहिल्यांदाच डिप्रेशनचं निदान झालेल्यानं पण थांबायला हरकत नाही. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियाची गोळी) घेणाऱ्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशींची ठरलेली तपासणी चुकवू नये, या पॅनलनं ती टळत नाही.

एक मात्र स्पष्ट. पेशंट जीव द्यायच्या गोष्टी करत असंल, जेवणखाण सोडलं असंल, तर रिपोर्टची वाट बघायची नाही, तो यायला एक ते तीन आठवडे लागतेत. सरळ जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज, नांदेड-लातूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, जे जवळ असंल तिथं न्या. रात्री-बेरात्री टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लागतो, फुकट आहे, मराठीत बोलतेत.

पायरी तिसरी: डॉक्टरला कसं विचारायचं

थेट स्वतः ऑनलाइन किट मागवू नका, आधी डॉक्टर. काही डॉक्टर या टेस्टला हसतेत, काही लगेच लिहून देतेत, दोन्हींकडं सारखाच प्रश्न घेऊन जायचा: "सर, रिपोर्ट काय आला तर तुम्ही काय बदलाल?" "सीवायपी२सी१९ मंद आला तर एसिटालोप्रामचा डोस निम्मा करीन किंवा दुसरी गोळी देईन" असं काही ठोस आलं तर टेस्टला अर्थ आहे. "बघू रिपोर्ट आल्यावर" असं आलं तर पैसे तूर्त खिशातच राहू द्या. आणि एजंट कुणी दवाखान्याच्या बाहेर गाठून, "मॅडमनीच सांगितलंय," असं म्हणायला लागला तर परत आत जाऊन मॅडमलाच विचारायचं, लाजायचं नाही.

पहिल्या पायरीतला तो कागद याच वेळी पुढं करायचा. बऱ्याचदा तो कागद बघूनच डॉक्टर म्हणतेत, टेस्ट राहू द्या, आधी हाच डोस वाढवून बघू.

पायरी चौथी: लॅब निवडताना

आपल्याकडं सॅम्पल घेतेत आणि कुरिअरनं मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवतेत, त्यामुळं गल्लीतल्या कलेक्शन सेंटरवरचा बोर्ड कुणाचाही असो, टेस्ट प्रत्यक्षात कुठल्या लॅबमध्ये होणार ते विचारा आणि त्या लॅबला एनएबीएलची (लॅब तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का ते बघा. मग पुढचे प्रश्न. सीवायपी२डी६ तपासताना जीनच्या कॉपी किती आहेत ते मोजता का? हा जीन काही लोकांत एका बाजूचा गायबच असतोय, काहींत दुप्पट असतोय, आणि ते मोजलं नाही तर फार वेगानं गोळी मोडणारा माणूस रिपोर्टात नॉर्मल दिसतो. रिपोर्टात नुसते रंग देणार का स्टारवाले जीनोटाइप पण (तुमच्यात त्या जीनचे नेमके कुठले प्रकार आहेत ते), म्हणजे "सीवायपी२सी१९ स्टार २ / स्टार २" असं? रंग कंपनी-कंपनीचे वेगळे असतेत, जीनोटाइप मात्र कुठल्याही डॉक्टरला जगात कुठंही वाचता येतो. एचएलए-बी १५:०२ पॅनलमध्ये आहे का? असलंच पाहिजे असं गृहीत धरू नका. आणि सॅम्पल टेस्टनंतर ठेवून घेणार का, रिसर्चला वापरणार का, संमतीच्या फॉर्मवर ती ओळ शोधा, नको असंल तर नको म्हणून लिहून द्या.

पैशाचं म्हणाल तर एकाच नावाच्या पॅनलचे भाव काही हजारांपासून वीस हजारांच्या पुढंपर्यंत असतेत आणि जास्त जीन म्हणजे चांगली टेस्ट असं अजिबात नाही. पन्नास जीनमधले कामाचे हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे. "शंभर टक्के योग्य गोळी सांगू" म्हणणाऱ्यापासून लांब राहा, २०१८ मध्ये एफडीएनं अशाच दाव्यांबद्दल अमेरिकेतल्या लोकांना आणि डॉक्टरांना सावध केलं होतं. दवाखान्यात भरती नसताना केलेल्या तपासणीचे पैसे मेडिक्लेममध्ये बहुतेक मिळत नाहीत, ते धरूनच ठरवा.

पायरी पाचवी: सॅम्पल देणं

सोपं काम आहे. रक्त असंल तर जांभळ्या झाकणाची नळी, उपाशीपोटी जायची गरज नाही, चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत, जीन गोळीनं बदलत नसतेत. थुंकी किंवा गालाच्या आतून बोळा फिरवून घेणार असतील तर अर्धा तास आधीपासून खाणं, चहा, पान, गुटखा, तंबाखू सगळं बंद आणि त्याच्या आधी तोंड स्वच्छ खळखळून धुवायचं. तंबाखूची गोळी गालात धरून बसणाऱ्याचं सॅम्पल खराब होऊ शकतंय, मग परत बोलावतेत. आपल्याकडं मी तर म्हणीन रक्तच द्या. बोन मॅरो किंवा लिव्हर बदललेलं असंल, नुकतंच रक्त चढवलं असंल, तर आधीच सांगा, रिपोर्टाचा अर्थ बदलतो.

पायरी सहावी: रिपोर्ट वाचणं

हिरवा, पिवळा, लाल असे रकाने असतेत. हिरवा म्हणजे "ही गोळी घ्या" असं सगळे समजतेत. हिरव्याचा अर्थ इतकाच की या गोळीबाबत तुमच्या जीनमध्ये काही अडचण दिसली नाही. लाल म्हणजे विष असं पण नाही, बऱ्याचदा डोस निम्मा केला की तीच गोळी छान चालती.

जीनसमोर चारपैकी एक शब्द असंल. पुअर म्हणजे हमाल नाहीतच. इंटरमीडिएट म्हणजे कमी. नॉर्मल म्हणजे नॉर्मल. अल्ट्रारॅपिड म्हणजे फार जास्त, सीवायपी२सी१९ ला मधी एक रॅपिड पण असतोय. आपल्या भारतीयांत सीवायपी२सी१९ चे पुअर दहा-बारा माणसांमागं एक तरी निघतेत, युरोपातल्या गोऱ्यांपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त आहे, म्हणून आपल्यासाठी हा जीन महत्त्वाचा. उलट सीवायपी२डी६ चे पुअर आपल्यात कमी.

आता रोजच्या गोळ्यांना लावून बघा. एसिटालोप्राम आणि सिटालोप्राम सीवायपी२सी१९ वर चालतेत. पुअर असंल तर गाइडलाइन म्हणती एकतर दुसरी गोळी बघा, नाहीतर कमीपासून सुरू करून सावकाश वाढवा आणि नेहमीच्या डोसच्या निम्म्यावर थांबा. सिटालोप्रामबाबत एफडीए सरळ २० एमजीच्या वर नको म्हणती, कारण हृदयाच्या ठोक्यांच्या पट्टीवर, म्हणजे ईसीजीवर, परिणाम होतोय. अल्ट्रारॅपिड असंल तर दुसऱ्या गोळीचा विचार करा म्हणतेत. सर्ट्रालिनला पण हाच जीन लागू आहे, सोबत सीवायपी२बी६. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन सीवायपी२डी६ वर. अ‍ॅमिट्रिप्टिलिनला दोन्ही जीन लागतेत, पण ती १० एमजीची गोळी डोकेदुखीसाठी किंवा मुंग्यांसाठी चालू असंल तर एवढी चिंता नको, चिंता मोठ्या डोसची. अ‍ॅरिपिप्राझोल सीवायपी२डी६ पुअरमध्ये निम्मी द्यावी असं कंपनीच्या माहितीपत्रकातच आहे. रिस्पेरिडोनला डच गाइडलाइन पुअरमध्ये नेहमीच्या दोन तृतीयांश डोस सांगती. फ्लुओक्सेटिनला जीनवरून डोस बदलायची शिफारस सीपीआयसीनं केलेली नाही.

एचएलए-बी १५:०२ पॉझिटिव्ह आला आणि कार्बामाझेपिन अजून सुरू केली नाही, तर ती घ्यायची नाही, ऑक्सकार्बाझेपिन पण नाही, आणि चिठ्ठीवर, फाइलवर लाल पेनानं मोठं लिहून घ्यायचं. फिटची दुसरी गोळी फेनिटॉइन, तिच्याबाबत पण डॉक्टरला आठवण करा. पण एखादा माणूस दोन-चार वर्षं कार्बामाझेपिन घेतोय, काही झालं नाही आणि आता रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर घाबरून बंद करू नका, ही रिअ‍ॅक्शन जवळपास नेहमी पहिल्या दोन-तीन महिन्यांत येती, आणि फिटची गोळी अचानक बंद केली तर फिट येऊ शकती. निगेटिव्ह आला तरी धोका शून्य होत नाही. सुरुवातीच्या दिवसांत ताप, अंगावर लाल चट्टे, तोंड आलं, डोळे लाल झाले की गोळी लगेच थांबवून दवाखान्यात जायचं, "उष्णता झाली असंल" म्हणून सब्जा पीत बसायचं नाही. लॅमोट्रिजिनवाल्यांनी (ही पण फिट-बायपोलरची गोळी) पण हेच लक्षात ठेवा, तिथं जीनपेक्षा डोस सावकाश वाढवणं महत्त्वाचं, आणि सोबत व्हॅलप्रोएट असंल तर आणखी सावकाश.

पायरी सातवी: रिपोर्टात नसलेल्या गोष्टी जोडा

ही पायरी बहुतेक जण गाळतेत आणि मला तर ही सगळ्यात मोठी वाटती. रिपोर्ट सांगतो जन्मतः किती हमाल मिळाले. आज त्यातले किती कामावर आहेत ते दुसऱ्या गोळ्या ठरवतेत. रिपोर्टात सीवायपी२डी६ नॉर्मल आहे पण माणूस फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन किंवा ब्युप्रोपिऑन घेतोय, तर ते हमाल तिकडंच अडकलेले असतेत आणि तो माणूस प्रत्यक्षात पुअरसारखा वागतो. फ्लुओक्सेटिन बंद केल्यावरही हा परिणाम काही आठवडे राहतोय. ओसीडीत फ्लुवोक्सामिन आणि क्लोमिप्रामिन जोडीनं देतेत, तिथं क्लोमिप्रामिनची लेव्हल चढती, डॉक्टर ते धरूनच डोस लिहितेत, पण दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी एक-एक लिहिली असंल तर कुणाच्याच ध्यानात नसतंय.

पित्ताची गोळी! ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल सीवायपी२सी१९ ला अडवतेत, म्हणजे एसिटालोप्राम-सिटालोप्राम साठू शकतेत. आपल्याकडं ही गोळी चहाइतकी सहज खातेत आणि डॉक्टरनं विचारलं, अजून काय घेता, तर "काही नाही" म्हणतेत. पँटोप्राझोलचा हा त्रास बराच कमी, डॉक्टरला विचारून बदलून घ्या. उलट्या बाजूनं, टीबीच्या उपचारातली रिफाम्पिसिन आणि आपली कार्बामाझेपिन एन्झाइम वाढवतेत, मग चालू असलेल्या मनाच्या गोळ्या कमी पडायला लागतेत.

बिडी-सिगारेटचं वेगळंच. धुरानं सीवायपी१ए२ नावाचा एन्झाइम वाढतोय आणि क्लोझापिन, ओलान्झापिन लवकर निघून जातेत. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, त्यामुळं गायछाप चोळून खाणाऱ्याला हा परिणाम नाही, बिडी ओढणाऱ्याला आहे. बिडी सोडणं चांगलंच, पण क्लोझापिनवर असलेल्यानं अचानक सोडली, किंवा दवाखान्यात भरती झाल्यामुळं सुटली, तर आठवडाभरात लेव्हल चढून माणूस सुस्त पडू शकतो, म्हणून सोडायच्या आधी डॉक्टरला सांगा. वैदूकडची पुडी, "ताकदीचा" काढा, जिममधली पावडर, सगळं यादीत टाका. पुडीत काय असतंय ते आम्हाला पण सांगता येत नाही.

सगळ्यात सोपं, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून रिपोर्टसोबत डॉक्टरकडं न्या. फोटो नको, पाकिटंच.

पायरी आठवी: बदल करताना

एका वेळी एकच बदल. गोळी पण बदलली, डोस पण आणि झोपेची नवी पण सुरू केली, तर कशानं काय झालं ते ब्रह्मदेवाला कळायचं नाही. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन अचानक सोडल्या की चक्कर, डोक्यात करंट मारल्यासारखं, चिडचिड सुरू होती, त्या पायरीपायरीनंच कमी कराव्या लागतेत. रिपोर्टात लाल दिसली म्हणून रात्रीच गोळी बंद करून सकाळी दुकानावर येणारे आहेत, मी त्यांना तिथूनच डॉक्टरला फोन लावायला लावतो. बदलानंतर साध्या वहीत रोज एक ओळ: झोप किती, जेवण कसं, घाबरणं किती, काही त्रास. पुढच्या तारखेला ती वही न्यायची.

घरातले आणि गावातले प्रश्न

"लग्नाला अडचण येईल का?" हे मुलींच्या आया हळू आवाजात विचारतेत. अहो ताई, या रिपोर्टात कुठंही वेड, डिप्रेशन, बायपोलर असं काही लिहिलेलं नसतंय, लिव्हर गोळी कशी मोडतंय, कुठल्या गोळीचा त्रास होऊ शकतो असलंच असतंय आणि तसा फरक गावातल्या प्रत्येक घरात कुणात ना कुणात सापडंल. शिवाय मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणं पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क आहे, डॉक्टर किंवा दवाखाना ती सोयऱ्यांना देऊ शकत नाही. त्याच कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असं पण आहे, क्लेम नाकारला तर हे कलम दाखवा.

रिपोर्टचा फायदा घरच्यांना पण होऊ शकतो. सीवायपी२सी१९ पुअर असणाऱ्याला उद्या हार्टची स्टेंट बसली तर क्लोपिडोग्रेल नावाची रक्त पातळ करायची गोळी नीट काम करत नाही, त्याबद्दल एफडीएचा २०१० पासून चौकटीतला इशारा आहे. जीन आईबापाकडूनच येतेत, म्हणून सख्ख्या भावाबहिणीत, वडिलांत तोच प्रकार असू शकतो, वडिलांची स्टेंट झालेली असंल तर त्यांच्या हार्टच्या डॉक्टरला लेकाचा रिपोर्ट दाखवायला हरकत नाही. ट्रामाडॉल आणि कोडीनला पण सीवायपी२डी६ लागतोय, अल्ट्रारॅपिड माणसाला त्यांचा जोर जास्तच चढतो, ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञाला ते सांगा.

रिपोर्टची एक झेरॉक्स दवाखान्याच्या फाइलमध्ये, एक मेडिकलवाल्याकडं, आणि पीडीएफ घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. पोरगं पुण्याला कामाला गेलं, डॉक्टर बदलला, की नव्या डॉक्टरला जीनोटाइपचं पान आधी दाखवायचं, रंगाचं नंतर. आणि काही वर्षांनी नवी गोळी द्यायची वेळ आली, नवी गाइडलाइन आली, तरी तपासलेले जीन तेच राहतेत, त्यामुळं आधीच्या रिपोर्टात तो जीन नीट तपासलेला असंल तर "टेस्ट परत करा" म्हणणाऱ्या लॅबवाल्याला पैसे द्यायचे नाहीत, जुना जीनोटाइपच नव्या गाइडलाइनवर लावून द्या असं डॉक्टरला सांगायचं.